ऑइल बदलणं सोपं, नट आवळणं अवघड

घरी इंजिन ऑइल बदलताना काम बिघडतं, ते ऑइलमुळे फार क्वचित. बिघडतं ते चेंबरखालच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) ड्रेन नटाशी, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या नटाशी, फिल्टरच्या रबरी गॅस्केटशी, नाहीतर शेवटी डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर. बाकीचा बराचसा वेळ ऑइल निथळायची वाट बघण्यात जातो.

ऑइल कोणतं घ्यायचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा ते तापल्यावर किती दाट राहतं ते. पण ग्रेड जुळली म्हणजे झालं असं नाही, डब्यावरचं स्पेसिफिकेशनही जुळलं पाहिजे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, साध्या ऑइलने तो फिल्टर हळूहळू चोंदतो. बहुतेक गिअरवाल्या मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा जपानी दर्जा लिहिलेलंच हवं. कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो.

प्रमाणही मॅन्युअलमध्येच बघा. अनेकदा तिथे दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. आपल्याला फिल्टरसहचा हवा. ऑइल आणि फिल्टरसोबत ड्रेन नटाचा नवा वॉशर आणा. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊनच सील करतो. एकदा दबलेला पुन्हा वापरला की थेंब गळायला लागतो, मग माणूस नट आणखी आवळतो आणि तिथून पुढे आटे जातात.

गाडी पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा. ऑइल पातळ होतं आणि तळाची घाणही सोबत वाहून येते. लांबच्या प्रवासावरून आल्याआल्या मात्र हात घालू नका, तेव्हा ऑइल हात भाजण्याइतकं तापलेलं असतं. गाडी सपाट, टणक जागी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. जॅकने उचलल्यावर तिला स्टँडवर टेकवा आणि मगच खाली शिरा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

वरचं ऑइलचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल भरभर उतरतं. खालचा नट सोडण्याआधी तो इंजिनाचाच आहे ना, हे आकृतीवरून ताडून घ्या. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा नट शेजारीच असतो, आणि चुकून तो उघडला तर गिअर ऑइल सांडतं, इंजिनाचं जुनं आत तसंच राहतं आणि त्यावर नवं ओतलं जातं. नटाला सहा कोनांचा गोटी पाना लावा. बारा कोनांचा पाना किंवा अ‍ॅडजस्टेबल पाना कडा गोल करतो. शेवटचे आटे हाताने सोडताना नट आत दाबून धरा, मग झटकन बाजूला घ्या. पहिली धार तिरकी, दूरवर पडते, म्हणून ट्रे थोडा पुढे सरकवून ठेवा. हातमोजे घाला. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही.

ऑइल निथळत असताना त्याच्याकडे बघा. काळं झालंय म्हणून घाबरायचं कारण नाही, डिझेलमध्ये तर नवं ऑइलही लवकरच काळं पडतं. दुधी, फेसाळ दिसलं तर त्यात कूलंट किंवा पाणी आहे. चमकणारे धातूचे कण बोटांना लागले तर आत काहीतरी झिजतंय. अशा वेळी नवं ऑइल भरून विषय संपत नाही.

आता फिल्टर. फिरकीचा, म्हणजे डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सोडा. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची जुनी युक्ती मला पसंत नाही, पत्रा फाटतो आणि बुड तिथेच अडकून बसतं. फिल्टर हातात आला की त्याचं गॅस्केट त्याच्यासोबत आलंय का ते तपासा. हे पाहायचं राहतं आणि जुनं गॅस्केट इंजिनाच्या बैठकीला चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसतो, दोन रबरं एकावर एक येतात, आणि इंजिन चालू होताच दाबाने रबर बाहेर फेकलं जाऊन बघता बघता ऑइल जमिनीवर. बैठक फडक्याने पुसा, नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट फिरवा आणि फिल्टर हाताने बसवा. रबर टेकलं की तिथून साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. पाना वापरायचा तो काढताना, बसवताना नाही.

कागदी फिल्टर झाकणात बसत असेल तर झाकणाची ओ-रिंग बदला आणि ती नेमकी आपल्या खाचेतच बसवा. घट्टपणा बऱ्याचदा झाकणावरच कोरलेला असतो. काही मोटरसायकलींत फिल्टर उलटा बसू शकतो आणि मग ऑइलची वाटच बंद होते, म्हणून त्यावरची खूण वाचून बसवा.

ड्रेन नट आधी हाताने फिरवा. हाताने सहज जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावा. घट्टपणा मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), बऱ्याच लहान गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की दुरुस्ती या सगळ्या कामाच्या कितीतरी पट होते.

नरसाळ्याने आधी मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा थोडं कमी भरा. इंजिन सुरू करा, पण रेस करू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. मिनिटभर चालवून खाली वाकून नट आणि फिल्टर दोन्ही बघा, मग बंद करा. गाडी सपाट जागी खाली उतरवा, पाचेक मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक. मोटरसायकल सरळ उभी धरून मोजा. डिपस्टिक पिळून बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. थोडं थोडं ओतत वरच्या खुणेपर्यंत या, तिच्या वर नाही. जास्त झालं तर क्रँक (इंजिनात फिरणारा मुख्य दांडा) ऑइलला घुसळून फेस करतो आणि फेसाळ ऑइलचा दाब धड टिकत नाही. जादा झालेलं काढून टाका, ‘चालेल’ म्हणून सोडू नका.

दुसऱ्या दिवशी गाडी हलवण्याआधी खाली डाग आहे का पाहा आणि पातळी पुन्हा बघा. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरा, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलं तर ते पुनर्वापराला घेत नाहीत. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळून घ्या आणि तो व जुनं ऑइल, दोन्ही, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या. किलोमीटर आणि तारीख झाकणाजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवा.