बाळाचं अ जीवनसत्त्व आईच्या दुधातून येतं

आई कितीही सुदृढ असो, जन्मलेल्या बाळाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा अगदी थोडा असतो. वार, म्हणजे पोटातल्या बाळाला आईशी जोडणारा अवयव, ते मोजूनमापूनच पलीकडे जाऊ देते. नाळेच्या रक्तात रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) आईच्या साधारण निम्मंच भरतं. हा साठा वाढतो तो जन्मानंतर, दुधातून.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं चिकाचं दूध थोडंच येतं, घट्ट आणि पिवळंधमक. तो पिवळा रंग कॅरोटिनचा; त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ‘खराब दूध’ म्हणून ते पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, हे अजूनही घरोघरी चालतं. कृपा करून हे करू नका. तासाभरात बाळाला अंगावर घ्या.

दुसरी चूक पाजताना होते. हे जीवनसत्त्व स्निग्धांशात असतं. सुरुवातीचं दूध पातळ, शेवटचं सायीसारखं. पाच मिनिटांत बाजू बदलली की बाळाचं पोट पातळ दुधानेच भरतं. एक बाजू पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी.

अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ९५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व लागतं. शेवग्याचा पाला, लाल माठ, लाल भोपळा, गाजर, अंडं, दूध-तूप हे सगळं चालतं. ‘बाधेल’ म्हणून सव्वा महिना पालेभाजी बंद ठेवली तर तुटवडा तिलाही आणि बाळालाही. भाजी नुसती उकडून देऊ नका. तेला-तुपाशिवाय कॅरोटिन नीट शोषलं जात नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत दिवेलागणीला उंबरा दिसेनासा झाला, ताटातलं चाचपावं लागलं, तर तो अशक्तपणा समजून सोडू नका. तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे येणारा रातांधळेपणा असू शकतो. लगेच डॉक्टरांना सांगा. स्वतःहून गोळ्या मात्र नकोत. गरोदरपणात रोज १०,००० युनिटच्या वर रेटिनॉल गेलं तर गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. गरोदरपणात कलेजीही टाळा.

मग बाळालाच जन्मतः डोस का देत नाहीत? ५०,००० युनिटचा डोस हरियाणा, घाना आणि टांझानियात हजारो नवजातांना देऊन पाहिला. मृत्यू कमी झाले नाहीत, काहींची टाळू मात्र तात्पुरती फुगली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच नवजात बाळं आणि बाळंतिणी दोघांनाही सरसकट डोस देऊ नये असं सांगितलं होतं. जन्मल्यावर टोचतात ते के जीवनसत्त्व आणि रोजचे थेंब ड जीवनसत्त्वाचे. इथे घोटाळा फार होतो.

अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेला लसीबरोबर: १ लाख युनिट, म्हणजे १ मिली. पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस. बाटलीसोबतच्या चमच्यावर अर्ध्याची खूण असते. नऊ महिन्यांच्या बाळाला तिथपर्यंतच भरून द्यायचं आणि कार्डावर तारीख लगेच लिहून घ्यायची.