दोन क्रेडिट कमी

गुरुवारी दुपारी तीनला आमची बस सुटणार होती. पावणेतीनला मी रॅकेटची बॅग खांद्याला लावून पार्किंगमध्ये उभी होते, आणि कम्प्लायन्स ऑफिसमधून फोन आला. "आज बसमध्ये चढू नकोस. आधी माझ्याकडे ये."

अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्यांना हे ऑफिस चांगलंच माहीत असतं. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिचे नियम पाळले जाताहेत की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाला स्वतःच तपासावं लागतं, आणि ते काम या ऑफिसचं. मी तिथे महिला टेनिस संघात होते, एकेरीत पाचव्या क्रमांकावर. ही २०२३ च्या स्प्रिंग सेमिस्टरची गोष्ट.

ऑफिसमधल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावासमोर १० आकडा होता. प्रत्येक कोर्सला त्याच्या अभ्यासाच्या वजनानुसार क्रेडिट असतात, त्यांची ही बेरीज. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट असतील तरच तो पूर्णवेळ धरला जातो, आणि पूर्णवेळ नसेल तर सामना तर सोडाच, संघाबरोबर सरावही करता येत नाही. आकडा बाराच्या खाली गेला त्या क्षणापासून पात्रता गेली. माझा आकडा तीन आठवड्यांपूर्वीच खाली गेला होता आणि त्या काळात मी तीन सामने खेळले होते.

"पण मी काहीच ड्रॉप केलेलं नाही," मी म्हणाले. हे वाक्य पुढच्या दोन आठवड्यांत मी इतक्यांदा म्हटलं, की शेवटी शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

झालं होतं ते असं. माझा दोन क्रेडिटचा एक लॅब कोर्स होता. दुसऱ्या आठवड्यात विभागाने कमी मुलांचे दोन सेक्शन एकत्र केले. जुना सेक्शन सिस्टिममधून काढला आणि सगळ्यांना नव्यात टाकलं. सगळ्यांना म्हणजे मला सोडून, कारण माझ्या खात्यावर 'होल्ड' होता. होल्ड असला की सिस्टिम नवीन काही घेऊ देत नाही, काढायला मात्र तिची हरकत नसते. मी दर मंगळवारी त्याच लॅबमध्ये जात होते, त्याच टेबलाशी बसत होते, आणि सर कागदी यादीवर माझी हजेरी लावत होते. कॉम्प्युटरच्या लेखी मी तिथे नव्हतेच.

होल्ड होता गोवराच्या लसीचा. लसीचे दोन डोस घेतल्याचा पुरावा मी पहिल्याच वर्षी दिला होता. पासपोर्टवर माझं नाव आपल्याकडच्या पद्धतीने लागलेलं आहे, स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. हेल्थ सेंटरमध्ये नवी सिस्टिम आली तेव्हा कुणीतरी जुन्या नोंदी उतरवून घेताना मधलं नाव पहिलं केलं. त्यामुळे माझ्या बाबांना गोवराचे दोन्ही डोस मिळालेले होते आणि मला एकही नाही.

हे शोधून काढायला मला चार दिवस लागले. इथे माझीही चूक सांगायला हवी. 'वेळापत्रकात बदल' अशा विषयाचा एक मेल मला आला होता. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी सामन्याला गेलो होतो, मी तो फोनवर पाहिला आणि खोली बदलली असेल असं समजून पुढे सरकले. तो उघडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

कोचनी मला धीर दिला, पण बस सुटलीच. आमच्या खेळात दुहेरीचा मिळून एक गुण आणि एकेरीचे सहा, अशी सात गुणांची लढत असते. मी नसले की सहावीला पाचव्या जागी खेळावं लागतं आणि सहाव्या जागी बाकावरची मुलगी येते. त्या दिवशी आम्ही ४-३ ने हरलो. पाचव्या आणि सहाव्या दोन्ही लढती गेल्या. मला कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

खरा घाम फुटला तो दुसऱ्या दिवशी. बारा क्रेडिटची अट खेळापुरती नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर राहण्याचीही तीच अट आहे. परवानगीशिवाय पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जा जातो, आणि विद्यापीठाला ते २१ दिवसांच्या आत सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदवहीत कळवावं लागतं. टेनिस गेलं तर गेलं, पण परत जावं लागलं तर काय? आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसमधल्या सल्लागाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू वर्गात बसत होतीस हे कागदावर दाखव. मी रजिस्ट्रारशी बोलतो."

मग मी कागद गोळा करायला लागले. लॅबच्या सरांकडून सही केलेलं पत्र आणि हजेरीच्या यादीच्या प्रती. मी वेळेवर दिलेले तीन रिपोर्ट, तारखांसह. सेक्शन एकत्र केल्याचा विभागाच्या सेक्रेटरीबाईंचा मूळ मेल. तो त्यांनी शोधून दिला नसता तर माझं प्रकरण उभंच राहिलं नसतं. लसीचं जुनं कार्ड बाबांनी कपाट उपसून शोधलं, फोटो पाठवला आणि वर विचारलं, "अगं, पण माझ्या नावावर कसं गेलं?" ते आठ वेळा समजावलं. शेवटी हेल्थ सेंटरने दोन ओळींचं पत्र दिलं: नोंद चुकीच्या नावाने झाली होती, विद्यार्थिनीने पुरावा मुदतीत दिला होता. ती दोन ओळींची चिठ्ठी बाकी सगळ्या कागदांना पुरून उरली.

यात मला सगळ्यात विचित्र वाटलं ते असं, की खेळाडू स्वतः एनसीएएकडे दाद मागू शकत नाही. पात्रता परत मिळवण्याचा अर्ज विद्यापीठानेच करायचा. म्हणजे ज्यांच्या कारभारात चूक झाली, त्यांनीच ती कबूल करायची, त्यांनीच वकिली करायची, आणि मी फक्त एक पानाचं निवेदन जोडायचं. माझं नशीब की आमच्या कम्प्लायन्सच्या बाई सरळ होत्या. माझ्या निवेदनातली 'मला अतिशय वाईट वाटते' छापाची वाक्यं त्यांनी खोडून टाकली. म्हणाल्या, "तारखा लिही. भावना नकोत."

त्यांनीच मला आदल्या वर्षीचं उदाहरण सांगितलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध मोसमातला पहिला सामना खेळला, तेव्हा पात्रतेची प्रक्रिया पूर्ण न झाल्यामुळे त्यांचे सुमारे वीस खेळाडू बाहेर होते. पुढे खेळाडूंनीच आपल्या विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून कर्मचारी अपुरे असल्याची तक्रार केली. मला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाने बरं वाटावं का, हा प्रश्न वेगळा.

संघाबरोबर सराव बंद, त्यामुळे मी जिमच्या मागच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारायचे. एरवी मोसमात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घ्यायला मनाई आहे, आणि मी त्या वीस तासांवर नेहमी कुरकुर करायचे.

विद्यार्थ्यांच्या पेपरात दोन ओळी आल्या, 'टेनिसपटू निलंबित'. खरं तर नियमांच्या भाषेत मला निलंबित केलेलंच नव्हतं, 'सामन्यांपासून दूर ठेवलं' होतं. पण हा फरक समजावत कोण बसणार? अर्थशास्त्राच्या वर्गातल्या एका मुलाने मला हळूच विचारलं, "काय घेतलं होतंस?" त्याला उत्तेजक द्रव्य वाटलं होतं. मी म्हटलं, "गोवराची लस." तो हसला नाही.

रजिस्ट्रारने माझी लॅबची नोंदणी पहिल्या दिवसापासूनची धरून दुरुस्त केली, तेव्हा सेव्हिसचा प्रश्न मिटला. त्या रात्री मी दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोपले. एनसीएएचा निकाल अर्ज गेल्यापासून नवव्या दिवशी आला: पात्रता परत. खेळलेल्या तीन सामन्यांचं काय, हा प्रश्न नोंदणी मागच्या तारखेपासून लागल्यामुळे उरलाच नाही. हुकलेले दोन सामने मात्र हुकलेच. ते भरून द्यायची कुठे सोय नाही आणि मी मागायलाही गेले नाही.

परतल्यावर पहिल्याच लढतीत मी तिसऱ्या सेटमध्ये ६-४ ने हरले. पाय जड झाले होते आणि सर्व्हिस कुठेही पडत होती.

तेव्हापासून पदवी मिळेपर्यंत दर सोमवारी सकाळी मी क्रेडिटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवत असे. रूममेट याला माझी पूजा म्हणायची. हेल्थ सेंटरने नोंद दुरुस्त केल्याचं पत्रही मला आलं होतं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घ्यायला गेले, तर नर्सने दारात येऊन माझ्या बाबांचं नाव पुकारलं. मी उठले आणि आत गेले.