झायलोजची एक नळी

रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलातून आला तोच व्हीआरईचा रिपोर्ट घेऊन. म्हणजे व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारा एन्टेरोकॉकस. पित्ताशयात खडे, पित्तनळी तुंबलेली, रक्तात जंतू. तिथल्या जंतू ओळखणाऱ्या मशीनने नाव दिलं होतं फीसियम, एन्टेरोकॉकसचीच एक जात. त्यामुळे स्वतंत्र खोली, गाऊन, अँटिबायोटिक म्हणून लिनेझोलिड. मुलीला वडील दिसायचे ते काचेतून.

आमच्या ब्लड कल्चरमध्येही तोच वाढला. पण आकडे खटकले. व्हॅन्कोमायसिनचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, 8; त्याच गटातलं टायकोप्लॅनिन चालतंय, अँपिसिलिनसुद्धा चालतंय. हॉस्पिटलांत सापडणारा फीसियम अँपिसिलिनला सहसा जुमानत नाही.

मी झायलोजची चाचणी लावायला सांगितली. एन्टेरोकॉकसची दुसरी एक जात, गॅलिनेरम, ही साखर आंबवते आणि जांभळा ब्रॉथ (जंतू वाढवायचा द्रव) पिवळा करते; फीसियम सहसा करत नाही. मक्याची दाणे काढलेली कणसं, लाकूड यांतून मिळणारी ही पाच कार्बनची साखर उष्णतेला फार नाजूक. ब्रॉथमध्ये घालून सरसकट ऑटोक्लेव्ह केली, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवली, तर ती बिघडते, आणि मग रंगावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून ब्रॉथ वेगळा निर्जंतुक करायचा, साखरेचं द्रावण 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि ब्रॉथ गार झाल्यावर 1 टक्का होईल इतकं मिसळायचं. सोबत खात्रीचा फीसियम, खात्रीचा गॅलिनेरम आणि एक बिनसाखरेची नळी. आमची टेक्निशियन हे इतक्या निगुतीने करते की तिच्या नळ्यांवर मी डोळे मिटून सही करते. खरेदी विभाग मात्र दरवर्षी विचारतो, ‘मशीन घेतलंय ना, मग या साखरा कशाला?’

दुसऱ्या दिवशी जांभळा ब्रॉथ पिवळाधमक. मोटिलिटीच्या, म्हणजे जंतूची हालचाल तपासायच्या नळीतही वाढ टोचलेल्या रेघेबाहेर पसरलेली. एन्टेरोकॉकस गॅलिनेरम! त्याचा व्हॅन्कोमायसिनविरोध जन्मजात असतो; व्हॅन-सी जीन गुणसूत्रातच असतं. व्हॅन-ए, व्हॅन-बी जसे एका जंतूतून दुसऱ्यात जातात, तसं ते सहसा जात नाही. लिनेझोलिड थांबलं, अँपिसिलिन सुरू झालं. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी संध्याकाळीच गाऊनची सक्ती उठवली आणि मुलीला आत सोडलं.

आधीच्या लॅबला मी फोन केला. ‘मॅडम, मशीनने दिलं तेच आम्ही दिलं.’ सुधारित रिपोर्ट द्याल का, विचारलं. तर पेशंट आता आमचा नाही म्हणाले. याचाच मला राग येतो. त्या मशीनवर रोज इतरांचेही जंतू वाचले जातात, आणि त्यांच्याही घरची माणसं काचेबाहेर उभी असतील. एमआयसी 8 ते 16 आणि अँपिसिलिन चालतंय असं दिसलं की झायलोज आणि मोटिलिटी लावा, तुलनेसाठी खात्रीचे जंतू (कंट्रोल स्ट्रेन) आमच्याकडून न्या, असं पत्र पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.