किलोमागे नऊ रुपये

कर्जाची फाइल करून द्या म्हणत येणाऱ्या माणसाला मी आधी खुर्चीवर बसवते आणि विचारते, किलोमागे किती उरतात? किंवा नगामागे, फेरीमागे, जेवणाच्या ताटामागे, ज्याचा जसा धंदा असेल तसे. बहुतेकांना महिन्याचा गल्ला तोंडपाठ असतो. उरते किती, हे विचारले की ते छताकडे पाहतात. म्हापशात माझे छोटे कार्यालय आहे. जीएसटी, आयकर, बँकेसाठीचे प्रकल्प अहवाल ही रोजची कामे. बेकरीवाले, सुतार, काजूवाले, घरी मसाले करून विकणाऱ्या बायका, अशी माणसे शुक्रवारी बाजाराला येतात आणि परतताना माझ्याकडे डोकावून जातात.

तो शुक्रवारच होता. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली होती, पाऊस ओसरत होता. डिचोली तालुक्यातले एक खाजेकार काका आणि त्यांची सून आत आली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडचे खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवून वर तीळ लावलेल्या. जत्रा असो की चर्चचे फेस्त, खाज्यांचा पुडा घरी नेल्याशिवाय माणूस परतत नाही. शिरगावच्या लईराईची जत्रा, म्हापशाचा बोडगेश्वर, जुने गोव्याचे ३ डिसेंबरचे फेस्त, सगळीकडे खाजेकारांच्या रांगा लागतात. काकांचे घराणे तीन पिढ्यांचे.

"बाय, दहा लाखांचे कर्ज हवे," काका म्हणाले. "कळंगुटला दुकान बघितले आहे. पर्यटक तिथे, पैसा तिथे. जत्रांत किती दिवस उन्हातान्हात बसायचे?"

दुकानाचे भाडे महिना पंचेचाळीस हजार, करार अकरा महिन्यांचा. कागद घेऊनच आले होते. सुनेच्या हातात एक जाड वही होती. बारावीपर्यंत शिकलेली मुलगी, तीन वर्षे रोजचा खर्च आणि रोजची विक्री लिहीत आली होती. बेरजा होत्या, पण कशाची कशाशी गाठ घातलेली नव्हती. ती वही पाहिल्यावर मी बाकीची कामे दुपारनंतर ढकलली. इतका कच्चा माल हाताशी असताना तो सोडून प्रकल्प अहवालात ठोकळ आकडे भरणे मला पटेना.

आधी एका किलोचा खर्च काढला. बेसन, गूळ, तेल, तीळ, आले, गॅस मिळून ११५ रुपये. मदतीला येणाऱ्या दोन बायकांची रोजंदारी किलोला २५. मग मी विचारले, "आणि तुमची मजुरी?"

"घरचीच माणसे आम्ही," काका म्हणाले.

घरच्या माणसांची मजुरी न धरता काढलेला नफा बहुधा त्या मजुरीचाच असतो. पहाटे चारला कढई चढवणाऱ्या सासूबाईंना कामावर ठेवायचे झाले तर किती द्याल, असे विचारून आम्ही किलोला २० रुपये लावले. एकूण १६० झाले. काकांना तो आकडा आवडला नाही, पण त्यांनी खोडलाही नाही.

मग विक्रीच्या चार वाटा चार पानांवर वेगळ्या केल्या. हे काम कंटाळवाणे असते. दोन तास त्यातच गेले.

मोठ्या जत्रेत दर २८० रुपये किलो. एका जत्रेला दीडशे किलो जाते. जागेचे पैसे, टेम्पो, दोन माणसांचे जेवणखाण, दिव्याचा खर्च मिळून साडेसात हजार, म्हणजे किलोला ५०. उरले ७०. चांगलेच. पण वर्षभरात ते लहानसहान जत्राही करत. तिथे विक्री पंचवीस किलो आणि खर्च साडेतीन हजार. किलोला १४० रुपये नुसते जाण्यायेण्याचे. १६० आणि १४० मिळून तीनशे, दर दोनशे ऐंशी. दर किलोला वीस रुपये पदरचे घालून ते रात्रभर जागत होते.

त्यानंतर काकांच्या अभिमानाचे पान आले. एका सुपरमार्केट साखळीला ते महिन्याला दोनशे किलो पुरवत. घाऊक दर २१०. पिशवी, लेबल आणि पोहोच यांचे किलोला २० धरले की वरवर पाहता ३० उरतात. पण अट अशी की न खपलेला माल परत. सुनेच्या नोंदींप्रमाणे शंभरातले दहा किलो परत येत. ते पुन्हा विकता येत नाहीत, पाक ओला झालेला असतो. म्हणजे शंभर किलोवर खर्च अठरा हजार, आणि पैसे नव्वद किलोचे, अठरा हजार नऊशे. किलोमागे नऊ रुपये.

आणि हे पैसे मिळत तीन महिन्यांनी. त्या दिवशी येणे होते एक लाख तेरा हजार चारशे. बेसनवाला आणि तेलवाला मात्र रोखीने घेत, म्हणून काकांनी सोने गहाण ठेवून लाखभर उचलले होते, बारा टक्क्यांनी. महिन्याला हजार रुपये व्याज. दोनशे किलोवर वाटले तर किलोला पाच. नवातले पाच गेले, राहिले चार. सासूबाईंच्या बांगड्या गहाण ठेवून काका त्या साखळीला बिनव्याजी पैसे वापरायला देत होते.

मी हे मोठ्याने वाचले तेव्हा सून रडायला आली. काका मात्र म्हणाले, "पण बाय, मोठ्या दुकानात माल असला की नाव होते." त्यात तथ्य आहे. नावालाही किंमत असते. फक्त ती किती मोजायची, हे ठरवून मोजावी.

चौथे पान वहीच्या अगदी शेवटी होते आणि त्याला विक्री असे नावही नव्हते. "घरच्या ऑर्डरी" एवढेच लिहिलेले. लग्ने, मुंजी, आणि चवथीची ओझी. नव्या नवरीच्या पहिल्या चवथीला माहेरहून ओझे जाते, त्यात फळे, फराळ, खाजे, लाडू असतात. हे गिऱ्हाईक घरी येऊन ठरवते, निम्मे पैसे आगाऊ देते, माल स्वतः घेऊन जाते. दर २६०. डब्याचे किलोला दहा गेले तरी ९० उरतात. उधारी नाही, परत येणे नाही, टेम्पो नाही. आणि हे पैसे सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात जात असल्यामुळे धंद्याच्या हिशेबात ते कधी आलेच नव्हते.

आता कळंगुट. तिथे तीनशेने विकले आणि किलोला दहा रुपये पुड्याचे गेले, तर १३० उरतील. भाडे, एक मुलगी कामाला, वीज मिळून महिना ६४ हजार. नुसते हे भागवायला ४९२ किलो विकायला हवेत, रोजचे सोळा किलोच्या वर. दहा लाख पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर हप्ता पावणेबावीस हजारांच्या आसपास. तो धरला की साडेसहाशे किलोच्या पुढे जाते. काकांची कढई भर हंगामात महिन्याला सहाशे काढते. शिवाय जून ते सप्टेंबर किनारा ओस, भाडे मात्र बारमाही. किनाऱ्यावरच्या दुकानाचा हिशेब करताना पावसाळ्याचे चार महिने वेगळे मांडा, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण बुडालेली बहुतेक दुकाने मी त्याच महिन्यांत बुडताना पाहिली आहेत.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग सुनेने विचारले, "ताई, मग वाढवायचेच नाही का?"

वाढवायचे, पण नव्वद उरतात तिथे. ओझ्याचा काळ येतो ऐन पावसाळ्यात, जेव्हा जत्रा बंद आणि कढई रिकामी. अडचण एकच होती, दमट हवेत गुळाचा पाक सुटतो. त्याला हवाबंद पाकीट आणि दोनच दिवस आधी तळण, एवढा उपाय त्यांना स्वतःलाच ठाऊक होता. सील करायचे यंत्र तेवढे नव्हते. त्या यंत्राला आणि एका मोठ्या कढईला दहा लाख लागत नाहीत. मुद्रा योजनेच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. २०२० मध्ये आलेली केंद्राची पीएमएफएमई योजना लहान खाद्यउद्योगांसाठीच होती: बँकेच्या कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख. ते यंत्रसामग्रीला मिळे, दुकानाच्या भाड्याला नाही. आम्ही पावणेदोन लाखांची फाइल करायची ठरवली.

साखळीच्या उधारीसाठी मात्र कायद्याचा आधार होता, तो काकांना कोणी सांगितलाच नव्हता. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. साखळीच्या हिशेबनिसाला हे दुसरे कलम पहिल्यापेक्षा लवकर समजते. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधीच हातात असलेली बरी, आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. काकांची नोंदणी नव्हती. कोणीतरी तिचे अडीच हजार सांगितले होते म्हणून राहून गेली. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर संपूर्ण मोफत आहे, आधार क्रमांकावर होते. तिचे पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. माझ्या टेबलावरच ती करून टाकली.

सुनेच्या मनात आणखी एक होते. पुण्या-मुंबईच्या गोयंकारांना कुरिअरने खाजे पाठवायचे. कल्पना चांगली, पण तिथे एक खड्डा आहे. राज्यातल्या राज्यात मालविक्रीला चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर मात्र, अगदी सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे बांद्याला एक किलो विकला तरी नोंदणी सक्तीची, आणि कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के सोपा कर भरणाऱ्या माणसाला राज्याबाहेर विकताच येत नाही. म्हणून कुरिअर वर्षभर थांबवायचे, असे मी सांगितले. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता हे आधी नीट बसू दे. खाज्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचे चिन्ह छापू का, हेही तिने विचारले. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदल्याशिवाय छापू नये.

शेवटी लहान जत्रांची यादी काढली. एकेक नाव वाचत काकांनी स्वतःच्या हाताने काट मारली. एका नावावर पेन थांबले. त्यांच्या ग्रामदेवीची जत्रा. तिथे दरवर्षी पाच-सहाशेचा तोटा. "तिथे आजोबांची जागा आहे. ती सोडणार नाही." मी म्हटले, सोडू नका, पण तो खर्च धंद्यात लिहू नका, देवकार्यात लिहा. त्यांना ते फार पटले. मलाही वाटते की माणसाने अशी एखादी जागा राखावी, फक्त ती वर्षभराच्या हिशेबावर पडू देऊ नये.

निघताना धंद्याचे वेगळे बँक खाते, वेगळा क्यूआर कोड आणि सासूबाईंच्या नावे दरमहा ठरावीक रक्कम, एवढे लिहून दिले. आजवर पैसे मुलाच्या खात्यात जात आणि त्याच्या मोटरसायकलचा हप्ताही त्यातूनच फिटे.

साखळीशी बोलायला सून स्वतः गेली. पत्र आम्ही सौम्य लिहिले होते, धमकी एकही नाही. त्यांनी दर वाढवला नाही. पण माल दर आठवड्याला थोडा थोडा घ्यायचा, परत करायचा नाही आणि पैसे तीस दिवसांत द्यायचे, एवढे मान्य केले. महिन्याचे दोनशे किलो एकशेवीसवर आले आणि किलोमागचे नऊ रुपये तीसवर गेले. जुनी बाकी तीन हप्त्यांत आली. बांगड्या सुटल्या.

पुढच्या चवथीला त्यांनी ओझ्यांच्या ऑर्डरी आदल्या वर्षीच्या दुपटीच्या वर घेतल्या. जाहिरात म्हणजे प्रत्येक डब्यात फोन नंबराची चिठ्ठी आणि लग्नाच्या हॉलवाल्यांना, आचाऱ्यांना नमुन्याचा पुडा. काही ऑर्डरी नाकाराव्या लागल्या, कारण तळायला हात अपुरे पडले.

आता चर्चा त्या हातांचीच आहे. सुनेला एक माणूस बारमाही हवा आहे, पगार चौदा हजार. रोजंदारीचे पंचवीस वाचले असे धरले तरी त्याच्यासाठी महिन्याला एकशेवीस किलोच्या वर ऑर्डरी वाढायला हव्यात. फेब्रुवारी ते मे लग्नसराईत त्या सहज येतील, चवथीच्या आधीही येतील. जून-जुलैत त्या कुठून आणायच्या, याचे उत्तर अजून आम्हा तिघांपैकी कोणाकडे नाही.