आमची वाटचाल : अनुभवाची अट काढल्यानंतर

आमच्या संस्थेची सुरुवात चार जणांनी केली. ग्राहकांच्या संगणक-जाळ्यावर चोवीस तास नजर ठेवायची, संशयास्पद हालचाल दिसली की तिची शहानिशा करायची आणि गरज पडल्यास बाधित यंत्र जाळ्यापासून तोडायचे, हे आमचे काम. पहिली दोन वर्षे काम मिळवण्याची चिंता होती. पुढे काम मिळत गेले, पण ते करणारी माणसे मिळेनात. आमच्या प्रत्येक जाहिरातीत 'किमान तीन वर्षांचा अनुभव' ही अट असे, त्यामुळे नव्या पदवीधरांचे अर्ज न वाचताच बाजूला पडत आणि अनुभवी माणसे आमच्यापर्यंत पोहोचतच नसत. हा अनुभव मुलांनी घ्यायचा तरी कुठे, असे एका प्राध्यापिकेने मला विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, तिच्यावरचा पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, पण अनेक ठिकाणी तो बसवलेलाच नव्हता. कोणत्या यंत्रावर पॅच नाही हे शोधणे, कोणते यंत्र बंद ठेवता येणार नाही हे तिथल्या लोकांना विचारणे आणि वेळ ठरवून काम तडीस नेणे यासाठी असामान्य बुद्धी लागत नाही. सराव लागतो, आणि तो केवळ वर्गात बसून होत नाही.

त्या प्राध्यापिकेचे महाविद्यालय, एक सरकारी कार्यालय आणि आम्ही एकत्र बसलो, तेव्हा पहिल्या काही बैठका एकमेकांचे बोलणे समजून घेण्यातच गेल्या. महाविद्यालय विषयांची नावे सांगत होते, कार्यालय प्रमाणपत्रे मोजत होते आणि आम्ही 'तयार माणूस' मागत होतो. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि २०२० मध्ये सुधारलेला नाइस आराखडा आम्हांला इथे उपयोगी पडला, कारण त्यात पदांच्या नावांपेक्षा कामे आणि त्यांना लागणारे ज्ञान व कौशल्य यांची मांडणी आहे. युरोपच्या एनिसा या संस्थेनेही २०२२ मध्ये १२ भूमिकांचा असाच आराखडा दिला. त्यानंतर 'सुरक्षा विश्लेषक हवा' असे न म्हणता आम्ही लिहून दिले : लॉगिनचा लॉग (यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद) वाचून नेहमीची चूक आणि पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न यांतला फरक सांगता यावा, फिशिंगच्या म्हणजे फसवून माहिती काढणाऱ्या मेलचे हेडर (तो कुठून कसा आला याची नोंद) तपासता यावे, घटनेचा अहवाल वेळेच्या क्रमाने लिहिता यावा.

सरकार आणि विद्यापीठे यांची ही सोबत नवी नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरील हजारो संगणक अडवले, तेव्हा त्याची उकल करण्यात विद्यापीठांतील मंडळी आघाडीवर होती आणि त्याच महिन्यात अमेरिकी संरक्षण विभागाच्या डार्पा या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने कार्नेगी मेलन विद्यापीठात आपत्कालीन प्रतिसाद केंद्र उभे राहिले.

आमच्या प्रयोगात शेवटच्या सत्राचे विद्यार्थी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशेजारी बसून खरे अलर्ट (संशयास्पद हालचालीचे इशारे) हाताळतात. व्यक्तींची नावे आणि पत्ते झाकलेले असतात, ग्राहकाची लेखी संमती असते आणि या कामाचे गुण पदवीत धरले जातात. विद्यावेतनाचा काही भाग सरकारी कार्यालय देते व आपले कर्मचारीही त्याच प्रशिक्षणाला पाठवते. पहिल्याच तुकडीत एका विद्यार्थ्याने ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या यंत्रांचे स्कॅनिंग (त्रुटी शोधणारी तपासणी) केले आणि ग्राहकाची एक जुनी प्रणाली बंद पडली. चूक आमची होती. मर्यादा तोंडी सांगितली होती, कागदावर दिली नव्हती. आता तो कागद हातात पडल्याशिवाय कोणालाही लॉगिन मिळत नाही.

सर्वांत मोलाचा भाग मात्र विद्यार्थ्यांचा नाही, शिक्षकांचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात, प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिके दर सत्राला बदलता येतात. पण त्यासाठी शिक्षकाने स्वतः अलर्टसमोर बसलेले असावे लागते. दोन शिक्षकांनी सुट्टीत आमच्याकडे रात्रपाळी केली आणि त्यांची पुढची प्रात्यक्षिके पार बदलली.

पहिल्या सहा जणांपैकी तिघे वर्षभरात सोडून गेले. दोघांना एका मोठ्या कंपनीने नेले. प्रशिक्षणाचा भार न उचलता तयार माणूस नेणे मला खटकले आणि आजही खटकते. तिसरी त्या सरकारी कार्यालयात रुजू झाली. तिथून तिने पाठवलेल्या पहिल्या घटना-अहवालात प्रत्येक वेळ टाइम-झोनसह होती, संशयित फाइलचे हॅश (फाइल ओळखण्याचा अंकाक्षरी ठसा) होते आणि कोणत्या यंत्राला हात लावलेला नाही हेही नोंदवलेले होते, त्यामुळे आमच्या पाळीला फोन करून काहीच विचारावे लागले नाही.

आमच्या जाहिरातीत आता वर्षांची अट नाही. उमेदवाराला आम्ही एका दिवसाचे लॉग देतो, दोन तास देतो आणि त्याला काय दिसले ते लिहायला सांगतो.