दिवेआगर ते आंजर्ले: तीन रात्री, दोन शेकोट्या

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पाच जण पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरला पोहोचलो आणि पुढचे तीन दिवस श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी असा किनारा धरून आंजर्ल्यापर्यंत गेलो. रात्री तंबूत झोपायचे, शेकोटी पेटवायची आणि कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची, एवढाच बेत होता. शेकोटीचे आणि कासवांचे जमत नाही, हे आम्ही ऐकून होतो. ते का जमत नाही, हे वेळासला गेल्यावर कळले. तीन रात्रींपैकी दोनच रात्री शेकोटी पेटली, आणि दोन्ही वेळा ती पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर नव्हे, तर घरमालकाच्या परवानगीने घरामागच्या नारळाच्या वाडीत पेटली.

वाडीचा आग्रह मी आधीच धरला होता, त्याचे कारण सुरूचे बन. या किनाऱ्यांवर पुळणीच्या माथ्याला सुरूची लागवड आहे आणि तिच्याखाली वाळलेल्या काड्यांचा वीतभर थर असतो. तो एका ठिणगीने पेटतो, आणि वाऱ्यावर पेटला की बादलीभर पाण्याने विझत नाही. तंबू सुरूच्या सावलीत लावण्याचा मोह सर्वांनाच होतो. सावलीपुरता तो ठीक आहे, पण आगपेटी तिथे खिशातच राहू द्यावी. वाडीत झाडांच्या आळ्यांमधली जागा झाडून घेता येते, विहीर किंवा पंप हाताशी असतो, आणि जळणही घरचेच मिळते: नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या. झावळीची चूड करून पेटवली की रॉकेलची गरज उरत नाही. करवंटी कडक जळते आणि तिचा निखारा बराच वेळ टिकतो. ओलसर सोडणे मात्र नुसता धूर करतात. तो डासांपुरता उपयोगी आहे, डोळ्यांना नाही.

पहिल्या रात्री पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भाजल्या. वालाच्या शेंगांचा हंगाम संपत आला होता, त्यामुळे शेंगा थोड्या जून मिळाल्या, पण मिळाल्या. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी आणि लहान बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबून बसवलेला. मडके उपडे ठेवून भोवती झावळ्या आणि करवंट्या रचायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने घरमालकीण काकूंनी ओल्या हाताने मडक्यावर पाणी शिंपडले, थेंब चर्र करून क्षणात उडाले, तेव्हा त्या म्हणाल्या, “झाली. आता काढा, नाहीतर खालच्या करपतील.” आमच्या एका मित्राने फोटोसाठी पाच मिनिटे मागून घेतली, आणि खालच्या शेंगा खरोखरच करपल्या.

तंबू कुठे लावायचा, हे वारा ठरवतो. दिवसभर समुद्राकडून खारे वारे वाहतात, आणि रात्री जमीन निवली की उलट दिशेने मतलई वारे सुटतात. संध्याकाळच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन शेकोटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला लावलेला तंबू मध्यरात्रीनंतर बरोबर धुराच्या वाटेत येतो, आमचा आला. त्यामुळे तंबू आणि शेकोटी किनाऱ्याला समांतर, एकमेकांच्या बाजूला असावीत. वाडीतल्या भुसभुशीत रेताड जमिनीत तंबूच्या खुंट्याही धरत नाहीत. तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून त्या हातभर खोल पुरल्या आणि दोऱ्या त्यांना बांधल्या, तेव्हा कुठे तंबू स्थिर झाला. दहिवर इतके पडते की पहाटे तंबू पिळावा लागेल असे वाटते, म्हणून वरचे आच्छादन आणायचे विसरू नये.

भरती-ओहोटीचे कोळ्यांचे गणित येथे फार उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. आम्ही पोहोचलो त्या दिवशी नवमी होती, म्हणजे पावणेसातची भरती. दुसऱ्या दिवशी साडेसात, तिसऱ्या दिवशी सव्वाआठ. या वेळा सकाळी आणि रात्री अशा दोन्हींना लागू असतात आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. येथे एक फसगत संभवते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही, आणि काटक्या-शिंपल्यांची ओली रेघ बरीच खाली दिसते. ती पाहून कोणी आठवडाभरासाठी जागा निवडली, तर पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अंथरुणाशी येईल. जुनी, वाळलेली, सर्वांत वरची रेघ शोधावी आणि तिच्याही मागे राहावे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच गणिताने केली. दशमीला सकाळी साडेसातची भरती, म्हणून दीडच्या सुमारास ओहोटी. खडकांवर आम्ही एकच्या पुढेच उतरलो. पाण्याने कोरलेले ते खडक तासभर पाहावेत असे आहेत, परंतु भरतीच्या वेळी तिथे लाटा माणसाला ओढून नेतात आणि असे अपघात झालेले आहेत. तिथल्या पाट्या शोभेच्या नाहीत. त्यानंतर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरलो. बाणकोटचा किल्ला वाटेवरच आहे, पण संध्याकाळी कासवे गाठायची होती, म्हणून तो वरवर पाहिला.

वेळास हे नाना फडणविसांचे गाव, आणि आता कासवांचे. येथे पूर्वी अंडी उकरून विकली जात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री भरतीच्या रेघेच्या वर येऊन सुमारे दीड फूट खड्डा करते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते. कोल्हे आणि कुत्रे ती उकरतात, म्हणून कार्यकर्ते पहाटे अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यांवर टोपल्या उपड्या घातलेल्या असतात आणि त्या सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. आमच्या संध्याकाळी तिसऱ्या टोपलीखाली सात पिल्ले निघाली. तळहातापेक्षा लहान, राखाडी, अंगाला वाळू चिकटलेली. एकाने लाटेपर्यंतचे पंधरा पावलांचे अंतर तीनदा थांबून पार केले, आणि पहिल्याच लाटेने त्याला पुन्हा पाच पावले मागे आणून टाकले. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या गर्दीतून त्या वेळी कुजबूजही आली नाही.

वेळासला आम्ही तंबू काढलाच नाही; गावातल्या घरी राहिलो. हंगामात, त्यातही शनिवार-रविवारी, जागा आधी सांगून ठेवल्याशिवाय जाऊ नये. रात्री चांदणे पाहायला मी पुळणीच्या कडेला गेलो आणि सवयीने कपाळावरचा दिवा लावला. काळोखातून आवाज आला, “दादा, बॅटरी बंद करा आधी.” गस्तीवरचा कार्यकर्ता होता. त्याने न रागावता सांगितले की मादी उजेड पाहून अंडी न घालताच परत फिरते. आणि पिल्लू समुद्र ओळखते ते क्षितिजावरच्या उजेडावरून, त्यामुळे मागे दिवा किंवा शेकोटी असली की ते उलटे, जमिनीकडे चालू लागते. त्याच्यासोबत थोडे चाललो. वाळूवर दोन-अडीच फूट रुंद, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटलेला होता, पण तो आदल्या रात्रीचा. सापडलेल्या मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर बिल्ला आहे का, हे ते नेहमी पाहतात. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली होती, ही गोष्ट त्याने अगदी आपल्या माहेरवाशिणीबद्दल बोलावे तशी सांगितली.

तिसरा मुक्काम आंजर्ल्याला. केळशीहून आडे, पाडले करीत जाणारा रस्ता अरुंद आहे, पण समुद्र फार वेळ सोबत राहतो, म्हणून तो दिवसाउजेडीच करावा. आंजर्ल्यालाही कासवे येतात, त्यामुळे येथे तंबू लावताना समुद्राच्या बाजूला चिऱ्यांचा उंच गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे ना, हे पाहूनच वाडी निवडली. गडग्याआड गुडघाभर खोल खड्डा घेऊन लहानशी शेकोटी केली आणि मग एक जण मुद्दाम पुळणीवर जाऊन उजेड दिसतो का ते पाहून आला. एका फटीतून दिसत होता. तिथे झावळी उभी केली.

त्या रात्री कोल्हेकुई फार जवळून ऐकू आली. श्रीवर्धनला घेतलेली सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी सकाळी तंबूच्या पडवीत फाटून पडलेली होती आणि सोडे नाहीसे. कुत्र्याचे काम असेल, असे मी म्हणालो, तर घरमालक हसून म्हणाले, “कुत्रा असता तर चप्पलही नेली असती. हा कोल्हाच.” सुकी मासळी तंबूजवळ ठेवू नये, झाकणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवावी.

शेकोटी वाळूने बुजवू नये, हेही त्यांनीच शिकवले. वरून वाळू लोटली की निखारे आत तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी येणाऱ्याचा पाय भाजतो. त्यांनी दोन बादल्या पाणी ओतायला लावले, काठीने राख ढवळली, पुन्हा पाणी ओतले आणि शेवटी स्वतःचा तळहात तिच्यात खुपसून पाहिला. एक करवंटी अजून गरम होती. ती त्यांनी चिमट्याने उचलून विहिरीजवळच्या डोणीत टाकली, आणि मगच आम्हाला चहाला बोलावले.