पोरगी एमपीत दिली, पण सासरच्या छळाची केस नागपुरात होते का?

होते. आधीच सांगून टाकते, कारण लोक पोलीस ठाण्यातून नुसतेच परत येतात.

नागपूरचं आणि छिंदवाड्याकडचं सोयरपण जुनंच आहे, सौंसर पांढुर्ण्याला तर लोक मराठीच बोलतात, त्यामुळे पोरगी देताना बॉर्डर कोणी पाहत नाही. ती दिसते पोरगी मार खाऊन माहेरी आल्यावर. आमच्या गल्लीतल्या काकूंची लेक तशीच आली, एका हाताला पोरगा, दुसऱ्या हातात त्याचं दप्तर, बाकी आधार कार्ड, मार्कशीट, सोनं सगळं सासरी. ठाण्यात गेली तर साहेब म्हणे, मारलं कुठे? सौंसरला? मग तिकडेच जा ना. काहून बाप्पा, जिथून जीव वाचवून आली तिथेच परत?

लई आग्रह केल्यावर म्हणाले झिरो एफआयआर घेतो. आता झिरो एफआयआर म्हणजे गुन्हा इथे नोंदवायचा आणि तपासाला तिकडच्या ठाण्यात पाठवायचा, म्हणजे फिरून तेच. नाही म्हणण्यापेक्षा बरं, पण माझ्या मते तेवढ्यावर समाधान मानू नये. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये रूपाली देवी केसमध्ये सांगून ठेवलंय की छळामुळे घर सोडून बाई जिथे आसऱ्याला येते तिथल्या कोर्टातही 498अ ची, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमाची केस चालू शकते, कारण मार तिकडे पडला तरी मनावरचा त्रास माहेरीही सुरूच असतो. अर्थात प्रत्येक केसची हकीकत पाहून. म्हणून जबाब देताना इथे आल्यावरचा त्रासही लिहून घ्या, रात्रीचे फोन, धमक्या, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं. आणि हो, 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला 498अ नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 85 लागतं, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत.

2005 चा डीव्ही कायदा, म्हणजे घरगुती हिंसाचाराचा कायदा, तर याहून सरळ. बाई तात्पुरती जरी इथे राहत असली तरी इथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज होतो, त्यात स्त्रीधन परत मागता येतं आणि ऑर्डर अख्ख्या देशात चालते. नवऱ्याने सौंसरला बसून संरक्षण आदेश, म्हणजे त्रास देऊ नको ही कोर्टाची ऑर्डर, मोडला तरी तो गुन्हाच, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अजामीनपात्र. काकूंच्या लेकीने आता हाच अर्ज टाकलाय, सोन्याची यादी लग्नाचे फोटो पाहून पाहून केली.

तेवढ्यात नवऱ्याने तिकडे घटस्फोटाची केस टाकली. ती इकडे आणायची तर सुप्रीम कोर्टातच ट्रान्सफर पिटिशन लागते, दोन राज्यांमधली केस हलवणं हायकोर्टाच्या हातात नाही. हायकोर्टाचं बेंच इथे नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आणि अर्ज दिल्लीला! वकील सध्या तेच कागद बनवून राहिला आहे.